बंद यंत्राची ऊब

जळगावच्या शिवारात विजेचा भार गावोगाव वाटून देणारे एक नियंत्रण केंद्र आहे. तेथील संगणककक्षाला बाहेरच्या जाळ्याचा एकही धागा जोडलेला नाही; आत मोबाइलसुद्धा नेता येत नाही. तरीही त्या कक्षातून दोन दिवसांपासून अधूनमधून क्षणभर रेडिओलहरी उमटत होत्या. कोणीतरी आत चोरयंत्र दडवले होते. ते शोधायला धुळ्याहून संघमित्रा आली.

केंद्रप्रमुख हितेंद्र यांचा संशय आधीच ठरला होता. कक्ष पुसायला रोज एकट्या सुगंधाबाईच आत जात. संध्याकाळपर्यंत काही सापडले नाही, तर बाईंना कामावरून कमी करणार, असे त्यांनी संघमित्रेला शांतपणे सांगितले.

संघमित्रेने लहरशोधक घेऊन तीनदा कक्ष धुंडाळला. लहर उमटे नि विझे, पाण्यावरच्या रेघेसारखी. दुपार कलली तेव्हा ती बाहेरच्या ओट्यावर निमूट बसलेल्या सुगंधाबाईंजवळ जाऊन टेकली. बोलता बोलता कळले, की एरंडोलच्या या सुगंधाअक्कांनी बावीस वर्षे केळी पिकवण्याच्या खोल्यांत काढली होती. पिकू लागलेली केळी आतून तापतात. रंग पालटण्याआधी ते पालथ्या हाताला कळते.

संघमित्रा विचारात पडली. चोरून बोलणारे यंत्र झोपत नाही. ते वीज खातच राहते, आणि जे वीज खाते ते ऊब टाकतेच.

तिने सर्व संगणक बंद करवले, भिंतीतली वीज तेवढी चालू ठेवली; बंद संगणकही त्याला जोडलेल्या वस्तूंना थोडी वीज पुरवत राहतो. दीड तासाने कक्ष गार झाल्यावर ती अक्कांना आत घेऊन गेली.

"आता इथे केळी शोधणार का?" हितेंद्रांनी विचारले.

"सापडनी त तुमलेबी देसू, भाऊ," अक्का म्हणाल्या.

त्यांचा पालथा हात एकेका यंत्रावरून संथपणे फिरत गेला. चौथ्या मेजावरच्या कीबोर्डपाशी तो थांबला.

"ताई, बठ्ठा थंडगार शे. हाऊच कोमट शे."

बाकी सगळे गार असताना कोमट लागलेला तो एकच कीबोर्ड संघमित्रेने उघडला. कळांखाली नखाएवढी विद्युतपट्टी नि लहरी सोडणारी केसासारखी तार होती. हा कीबोर्ड गेल्या महिन्यात बाहेरून दुरुस्त होऊन आला होता, आणि न उघडता तो आत घेण्याच्या परवानगीवर सही हितेंद्रांचीच होती.

हितेंद्र अक्कांकडे वळले. "अक्का, चूक माझी," ते म्हणाले. "तुमचे काम कुठे जात नाही. यापुढे बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू तुमच्या हाताखालून जाईल."

अक्कांनी मान हलवली, आणि पदर खोचून त्या पाचव्या मेजाकडे वळल्या. अजून दोन रांगा तपासायच्या होत्या.