चिमणीखाली

बकुळाने सासूवर चोरीचा आळ घेतला होता, आणि तोही डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. तिचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात चाळीतल्या बायकांबरोबर ती तुरुंगात गेली, आणि सुटून येऊन बघते तर ट्रंकेतली नथ गायब आणि सासूही गायब. भाऊ आजारी म्हणून म्हातारी बोटीने मालवणला निघून गेली होती. नथ बकुळाच्या आईची. आईने डोळे मिटण्याआधी बजावलं होतं की दोघी पोरींनी हीच घालून बोहल्यावर चढायचं. बकुळा चढली. आता परवा दादरला धाकट्या कमलचं लग्न होतं.

"त्यांनी आपल्या लेकीला नेऊन दिली," बकुळा नवऱ्याला म्हणाली. "कमलला मी काय तोंड दाखवू?"

रघुवीरने नेहमीप्रमाणे विडी शोधायला सुरुवात केली. आई आणि बायकोच्या मधे पडायचं नाही, हे शहाणपण त्याला गिरणीने नव्हे, लग्नाने शिकवलं होतं.

तेवढ्यात गावचा राजाराम डोक्यावर फणस घेऊन दारात उभा राहिला. सकाळच्या बोटीने आला होता.

"म्हातारीन निरोप धाडल्यान. खरा तर गंगूबाईक सांगूचो होतो, पण तिच्या दाराक कुलूप. म्हणान तुमकाच सांगतंय. नथ चिमणीखाली पुरलेली आसा. गोळीबाराचे दिवस, घरात कोण कधी शिरात सांगता येय नाय, म्हणान पुरल्यान."

"खयच्या चिमणीखाली?" रघुवीरने विचारलं.

"ता इचारूक ऱ्हवला. बोटीचो भोंगो झालो."

शेजारची गंगूबाई शीवला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मग काय, चिमण्या शोधण्याखेरीज इलाज नव्हता. पहिली चिमणी भिंतीवर टांगलेली, रॉकेलची. तिच्याखालचा माठ हलवला, लादी उचकटली. खाली झुरळं निघाली आणि फार रागावून निघाली. दुसरी चिमणी तळमजल्याच्याच गॅलरीतल्या तसबिरीमागे पिल्लं घेऊन बसली होती. तिने रघुवीरच्या बोटाला चोच मारली.

"अरे, पुरलंय म्हणजे जमिनीत!" वरच्या मजल्यावरून तात्या ओरडले. तात्या समितीचे कार्यकर्ते, त्यामुळे कुठल्याही गर्दीचं पुढारपण आपोआप त्यांच्याकडे जाई. "गिरणीची चिमणी!"

"म्हातारी काय गिरणीत शिरून खणत बसली?" खालून कोणीतरी विचारलं.

"गिरणीत कशाला? सावली बघ. संध्याकाळी चिमणीची सावली आपल्या मागच्या गटारापाशी येते. सावलीखाली म्हणजे चिमणीखालीच की!"

हे इतकं पटण्यासारखं होतं की निम्मी चाळ पहार घेऊन मागे धावली. खणणं रंगात आलं असताना एक हवालदार येऊन ठेपला. दिवस असे होते की चार माणसं जमली की त्याला यावंच लागे.

"काय पुरताय रे?"

"पुरत नाय साहेब, काढतोय."

"काय काढताय?"

"नथ," रघुवीर म्हणाला.

आंदोलन सुरू झाल्यापासून हवालदाराने पुष्कळ उत्तरं ऐकली होती, पण असलं एकही नव्हतं. तोही कडेला उभा राहून "जरा डावीकडे" वगैरे सांगू लागला. शेवटी एक गंजकं कुलूप आणि एक चप्पल निघाली. बकुळा कपाळाला हात लावून पायरीवर बसली. सासूने मुद्दाम थट्टा केली, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

अशात गंगूबाई शीवहून परतली. हकीकत ऐकून ती हसत सुटली.

"अगो येडे, चिमणी म्हणजे तू!"

"मी?"

"नळावर तुझ्या सासूच्या तोंडात दुसरा नाव नाय. माझी चिमणी कामाक गेली, माझी चिमणी उपाशी ऱ्हवली. तू तुरुंगात होतंस तेव्हा तुझ्या अंथरुणाच्या जाग्यार बसान रडायची."

"पण मला तर नुसतं 'अगो' म्हणतात. तेही मीठ जास्त पडलं की."

"तोंडार म्हटल्यार सुनो माजतत गो!"

बकुळा उठली. दाराआडच्या कोपऱ्यात, जिथे ती रोज अंथरूण घालायची, तिथली लादी रघुवीरने उचलली. मातीत तपकिरीची डबी होती. डबीत सासूच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेली नथ. एकही मोती निखळला नव्हता. तुरुंगातून सुटून आल्यापासून इतके महिने बकुळा तिच्यावरच झोपत होती, आणि झोप लागेपर्यंत म्हातारीला शिव्या घालत होती.

तिने पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत रडली. कोणी तिला अडवलं नाही. हवालदारसुद्धा टोपी हातात घेऊन उभा होता.

"लग्न आटपला की मी परत जातंय," राजाराम जरा वेळाने म्हणाला. "पावसाआधीची शेवटची बोट. म्हातारीक काय सांगू? नथ गावली म्हणान?"

बकुळा दादरची. सासरची मालवणी तिने कधी तोंडातून काढली नव्हती.

"नथीचा नंतर सांग," ती म्हणाली. "आधी सांग, चिमणी वाट बघता."