आमच्या घरी जेनिंग्ज

इंग्लंडच्या लीगमधला सगळ्यात मोठा फुटबॉलर कोण, या एका प्रश्नावर माझी नोकरी गेली. गेली म्हणजे मिळता मिळता राहिली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. वनमालाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं होतं. ते पुढे येईलच.

चौऱ्याऐंशी सालचा फेब्रुवारी. गिरणीचा संप सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि आमच्या गिरणीचं फाटक काही उघडलं नव्हतं. मी साळखात्यात चार माग चालवायचो आणि सुटीच्या दिवशी गिरणीच्या टीमचा गोलकीपर. फाटक बंद झालं तशी दोन्ही कामं सुटली. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत वनमाला लोकांचे ब्लाऊज शिवायची आणि मी मिळेल तिथे रंगाचे डबे उचलायचो.

अशात एक दिवस मालाडचा पॉल आला. तो पूर्वी आमच्याविरुद्ध लेफ्ट विंगला खेळायचा. आता तो मरोळला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला होता, त्याची बायको एथेलही तिथेच पॅकिंगला. कंपनीच्या टीमला गोलकीपर हवा होता. खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा होती, तीही कायमची.

"साहेबाला खूश कर, बस," पॉल म्हणाला. "तुझा खेळ त्याने बघितलाय. आता फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

साहेब म्हणजे मॅनेजर चंद्रप्रकाश. अडुसष्ट साली ते ट्रेनिंगसाठी मँचेस्टरला होते आणि जॉर्ज बेस्टला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना दुसरा देव नाही. भरतीला आलेल्या प्रत्येक खेळाडूला ते विचारत, इंग्लिश लीगमध्ये सगळ्यात मोठा कोण? बेस्ट म्हटलं की सही. पॉल स्वतः डाल्ग्लिश नावाच्या दुसऱ्याच फॉरवर्डचा भक्त, त्याच्यासाठी गावठाणात मारामारी करणारा. पण तोही स्वतःच्या भरतीच्या दिवशी डाल्ग्लिशला घरी ठेवून गेला आणि बेस्ट म्हणून सही घेऊन आला. वर मला शहाणपण शिकवत होता.

पंचाईत अशी, की आमच्या घरी जेनिंग्ज होता. पॅट जेनिंग्ज, गोलकीपर. लग्नाआधी रद्दीच्या दुकानातल्या एका इंग्रजी मासिकात मला त्याचा फोटो सापडला. माणसांच्या गर्दीत उंच उडून त्याने एका हातात बॉल धरलाय, झाडावरचा आंबा उतरवावा तसा. तो फोटो मी देवाच्या फळीशेजारी चिकटवला. वनमाला लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारलं होतं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, गुरू.

गिरणीत दर खंडेनवमीला आम्ही मागांना फुलं वाहायचो. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. संपानंतर पूजा करायला माग उरला नाही. तेव्हा वनमालानेच माझे गोलकीपरचे हातमोजे पाटावर मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि एक झेंडू त्या फोटोलाही खोचला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मरोळला निघालो त्या दिवशी तिने माझ्या शर्टाला कडक इस्त्री केली. निघताना एवढंच म्हणाली, की पॉलभावजींनी सांगितलंय तेच बोला, एका नावाने काय होतंय. मी मान हलवली. खरं सांगतो, जाताना माझ्या मनात बेस्टच होता.

साहेब हिंदीत बोलले, मीही माझ्या मोडक्या हिंदीत. अर्ज त्यांच्यापुढे पडला होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी प्रश्न टाकला. पॉल दाराशी उभा राहून ओठ हलवून दाखवत होता. आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षं ज्याने जे सांगितलं ते मी केलं होतं. थांब म्हणाले, थांबलो. उद्या या म्हणाले, उद्या गेलो. माझं स्वतःचं म्हणावं असं एक मत तेवढं शिल्लक होतं आणि तेही या टेबलावर काढून ठेवायचं?

"जेनिंग्ज," मी म्हणालो.

साहेब हसले. गोलकीपर कधी मोठा असतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, चार माग नीट चालत असले की कोणी ढुंकूनही बघत नाही, एक थांबला की खात्याचा मुकादम, जॉबर, बोंबलत येतो. गोलकीपरचं तसंच आहे. फॉरवर्ड दहादा चुकला आणि एकदा त्याचा गोल लागला तर टाळ्या, आमची एक चूक लोक वीस वर्षं सांगतात.

त्यांनी विचारलं, त्याला खेळताना कधी पाहिलंस का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मी बेस्टला पाहिलंय.

"म्हणून तुम्हाला बाकीचे दिसले नाहीत," मी म्हणालो.

दाराशी पॉलने कपाळावर हात मारला. पण आता मी थांबणार नव्हतो. बेस्ट आणि जेनिंग्ज एकाच देशाचे, देशासाठी पहिली मॅचही दोघं एकाच दिवशी खेळले. वीस वर्षं झाली त्याला. बेस्ट केव्हाच संपला, हा अजून गोलमध्ये उभा आहे. साहेबांनी अर्जावर बोट ठेवलं आणि माझं वय वाचलं. तेहतीस. गोलकीपर झाला तरी हे वय जरा जास्तच, असं म्हणाले. मी म्हटलं, त्याचा टॉटनहॅम क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि त्यांनी जेनिंग्जला बत्तिसाव्या वर्षी, आता याचं झालं म्हणून देऊन टाकलं. शेजारच्या आर्सेनलने घेतला. पुढे लागोपाठ तीन वर्षं तो कपची फायनल खेळला.

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. मग म्हणाले, मला टीममध्ये ऐकणारा माणूस लागतो, शेवटचं विचारतो.

"जेनिंग्ज," मी म्हणालो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

घरी सांगितलं तेव्हा वनमाला शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," एवढं बोलली आणि दोन दिवस माझ्याशी बोलायची थांबली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एथेलबरोबर निघून गेली. कुठे, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी आली ती हातात गेटपास घेऊन. कंपनीत पॅकिंगला बायका हव्या होत्या, एथेलने तिला नेलं होतं. सहीसाठी साहेबांच्या केबिनमध्ये गेली, तर त्यांनी अर्जावरचं परब आडनाव वाचलं, जोगेश्वरीचा पत्ता वाचला आणि विचारलं, तो हट्टी गोलकीपर तुमचाच का? मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, आता तुम्हीच सांगा, सगळ्यात मोठा कोण? एथेल मागून तिला कोपराने ढोसत होती, बेस्ट बोल, बेस्ट बोल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जेनिंग्ज म्हटलं."

"आणि सही केली?"

"केली मुकाट्याने. पॅकिंगला माणसं कमी आहेत, काय करतील?" तिने पदराने मान पुसली. राग गेला होता असं नाही. "तुम्ही चुकलात ते चुकलातच. घरात काय आहे, काय नाही, ते मला माहीत. पण ज्याला खंडेनवमीला मी स्वतःच्या हाताने फूल वाहिलं, त्याला सोडून परक्यापुढे दुसऱ्याचं नाव घेऊ?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी मी भरलं आणि तिचा डबाही मीच केला. साडेसहाला ती निघाली, तेव्हा देवाला हात जोडले आणि जाता जाता शेजारच्या त्या फोटोवरची धूळही बोटाने पुसून गेली.