पॉलिसीपेक्षा जुनं पोट

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्याला सगळ्या समाजाच्या वतीने, एका थोर संस्कृतीचा प्रतिनिधी म्हणून, ताठ मानेने उभं राहावं लागतं. माझा तो क्षण मुलुंड पूर्वेच्या एका हॉस्पिटलात तळमजल्यावर आला. मी वीस मिनिटं ताठ मानेने उभा होतो. मग मागच्या बाईंनी सांगितलं, की ही रांग सोनोग्राफीची आहे, आणि तुम्ही पाणी पिऊन आलात का.

विम्याचं टेबल पलीकडे होतं. तिथे मी आलो होतो योरिससाठी.

योरिस आमच्या बी विंगमधला डच भाडेकरू. वय चौतीस, उंची दाराला वाकवणारी. खाडीकाठच्या खारफुटीत चिखल किती साचतो ते मोजायला त्याला हॉलंडहून इथे पाठवलंय. चिखल आपल्याकडे पुष्कळ. मोजायची सवय नाही. आठ महिन्यांत तो मराठी शिकला, पण ‘तू’पर्यंत पोचला नाही. सगळ्यांना अहोजाहो करतो. वॉचमनच्या कुत्र्यालासुद्धा “जरा बाजूला व्हा” म्हणतो, आणि कुत्रं होतं. आमच्यासाठी ते कधी झालेलं नाही.

इथे आल्यावर महिन्याभराने त्याच्या कंपनीने त्याला आरोग्यविम्याचं कार्ड दिलं. ते घेऊन तो माझ्याकडे आला.

“काका, कॅशलेस म्हणजे काय?”

“म्हणजे हॉस्पिटलात पैसे द्यावे लागत नाहीत.”

“मग काय द्यावं लागतं?”

“माहिती,” मी म्हणालो. गंमत म्हणून म्हणालो होतो.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण दोष तिथे आहे आणि तो माझा आहे. पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या कुंदावहिनींनी त्याला जेवायला बोलावलं. वहिनी देवगडच्या. कुणी पाहुणा अर्धपोटी उठला, तर त्यांना तो थेट पोलिसात देण्याजोगा गुन्हा वाटतो. दुसऱ्यांदा भात वाढायला आल्या तेव्हा योरिस म्हणाला, “नको. मला भूक नाही.” घरात अशी शांतता पसरली की पंखा ऐकू आला. मग त्याच्या ताटात भात पडला, त्यावर आमटी पडली, आणि वर एक बांगडा पडला.

जिना चढताना मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “बाबा रे, आपल्याकडे ‘नको’ म्हणजे आणखी वाढा. ‘पुरे’ म्हणजे थोडंच वाढा. ‘बस्स’ म्हणजे लाजतोय, वाढा. पळी मागे नेणारं एकच वाक्य आहे. ‘पोट दुखतंय.’”

विद्यार्थी हुशार. तेव्हापासून दोन्ही विंगांमध्ये, बारशाला, सत्यनारायणाला, बुद्धपौर्णिमेच्या खिरीला, तो ते वाक्य स्वच्छ उच्चारात म्हणत आला. बायका हळहळायच्या, ओवा द्यायच्या. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मंगळवारी सकाळी साडेसातला तो जिन्यात दुमडून बसलेला दिसला. चेहरा घामाने भिजलेला.

“काका, आमच्याकडे आधी घरच्या डॉक्टरांना फोन करतात. मग ते वेळ देतात. इथे माझे घरचे डॉक्टर कोण आहेत, हे कुठे समजेल?”

तोवर कुंदावहिनींनी रिक्षा थांबवून तिच्यात त्याचे पाय कसे घालायचे हेसुद्धा ठरवलं होतं.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “कधीपासून दुखतंय?”

योरिसने तोंड उघडलं. पण पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्यांनी द्यायचं असतं. पेशंट बिचारा आजारी. त्याला काय कळणार?

“कधीपासून काय, डॉक्टर!” वहिनी म्हणाल्या. “आल्यापासून! आठ म्हयने झाले, हेचा पोट दुखता! माझ्याकडे एक दिवस धड जेवलो नाय!”

“आमच्याकडेही तेच,” मागच्या रिक्षातून आलेले सोसायटीतले दोघे म्हणाले. मी तेव्हा बाहेर माझ्या स्कूटरच्या पार्किंगच्या पावतीवरून भांडत होतो.

डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं: पोटदुखी, आठ महिने.

निघालं अपेंडिक्स. सर्जन म्हणाले, सुजलंय, आज दुपारीच काढायला हवं. आणि अकरा वाजता, सोनोग्राफीच्या रांगेतून सुटून मी विम्याच्या टेबलाशी पोचलो, तेव्हा तिथल्या संघमित्रा नावाच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“काका, वाट लागली. नामंजूर. पॉलिसी सात महिन्यांची आहे, पोटदुखी आठ महिन्यांची. आधीपासूनचा आजार धरलाय त्यांनी.”

पोट पॉलिसीपेक्षा महिन्याने मोठं निघालं होतं.

“पण ते दुखत नव्हतं गं!”

“पेपरवर दुखतंय ना.”

“पेपर बदल मग.”

“काका,” ती म्हणाली, “पेपर बदलला तर माझी नोकरी जाईल, आणि तुमचा पेशंट तसाच राहील.”

मंजुरी नाही तर आधी मोठी रक्कम भरायची होती. सोसायटीतून ती कशीबशी उभी राहिली असती. पण वर गेलो, तर हाताला सलाइन लावलेला योरिस दुसऱ्या हाताने मोबाइलवर विमानं बघत होता.

“मी घरी जातो.”

“घरी म्हणजे बी विंगला?”

“ॲमस्टरडॅमला. रात्री विमान आहे.”

सर्जननी शांतपणे विचारलं, “वाटेत फुटलं तर?”

योरिसने मोबाइल उशीवर ठेवला. मग म्हणाला, “मला भीती वाटते. पण इथे मला कोणी काही विचारतच नाही. सगळे काकांना विचारतात, वहिनींना विचारतात. पोट माझं आहे.”

कुणाला काही बोलता येईना. आमच्या बी विंगच्या इतिहासात हे दुसऱ्यांदा घडत होतं.

संघमित्रा दारात उभी राहून ऐकत होती. “मेल टाकला तर उत्तराला संध्याकाळ होईल,” ती म्हणाली. “मी विमा कंपनीच्या डॉक्टरांना फोनच लावते. मराठी आहेत. पण खडूस आहेत हां, आधीच सांगते.” तिने मोबाइल स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

“डॉक्टर श्वेता, क्लेम विभाग. हा कॉल रेकॉर्ड होतोय. पेशंटचं पोट कधीपासून दुखतंय?”

“डॉक्टर, त्याचं असं आहे...” मी आणि वहिनी एकदम म्हणालो.

“तुम्ही नाही. पेशंट.”

योरिस उशीवर जरा वर सरकला. “आज पहाटे पाचपासून.”

“आणि त्याआधीचे आठ महिने?”

“तेव्हा दुखत नव्हतं. तेव्हा मी सभ्य होतो.”

फोनमध्ये खरखर झाली. मग मी माझा गुन्हा कबूल केला: नको, पुरे, बस्स, आणि ते वाक्य. रेकॉर्डवर. नाव, पत्ता, विंग यांसकट.

“हे तुम्ही म्हणताय,” डॉक्टर श्वेता म्हणाल्या. “केसपेपरवर ज्या बाईंनी सांगितलं, त्या आहेत का तिथे? त्यांचं काय म्हणणं?”

आता सगळ्यांची नजर कुंदावहिनींवर गेली. त्यांचा चेहरा मला बघवेना. एका पलंगाशेजारी, एका मिनिटात, त्यांना कळलं होतं की आठ महिन्यांत एकदाही त्या पोराचं पोट दुखलं नव्हतं. त्याला वाचवायचं, तर हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं. एवढ्या लोकांसमोर. आणि कॉल रेकॉर्ड होत होता.

वहिनींनी पदर नीट केला.

“मेल्या,” त्या योरिसला म्हणाल्या, “माका सांगूक काय झाला होता?” मग फोनकडे वळून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “डॉक्टर, त्याचं पोट दुखत नव्हतं. त्याला माझं जेवण नको होतं. लिहून घ्या.”

देवगडच्या बाईने असं वाक्य उच्चारल्याचं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले. पण एका हातात केसपेपर होता.

फोनवरचा आवाज जरा खाली आला. “तो पोट दुखतंय म्हणाला, की तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? डबो भरून द्यायचे. घरी जाऊन खा म्हणायचे.”

“डबा परत कसा यायचा?”

“रिकामो. घासून पुसून. दुसऱ्या दिवशी.”

“पेशंट, डब्यातलं काय करायचात?”

“सकाळी नाश्त्याला खात होतो,” योरिस म्हणाला. “सकाळी मला भूक असते. फार चांगलं असायचं. बोटंही चाटायचो.”

“डब्यात काय असायचं?”

“बांगड्याचं तिखलं,” वहिनी म्हणाल्या. “तिरफळं घालून.” त्यांचा आवाज बदलला होता. खांदे जागेवर आले होते.

“आठ महिने पोट दुखणारा माणूस,” डॉक्टर श्वेता हळूहळू म्हणाल्या, “सकाळी नाश्त्याला असलं झणझणीत तिखलं खात नाही.” मग त्या म्हणाल्या, “कॉल रेकॉर्ड होतोय, म्हणून मी जास्त बोलत नाही. पण मलाही सासर आहे. सर्जनचं पत्र पाठवा. इंग्रजीत.”

इथे पुन्हा अडलं. ‘आग्रह’ला इंग्रजी शब्द सापडेना. सर्जन म्हणाले दबाव, तर संघमित्रा म्हणाली तो पोलीस केसमध्ये लागतो. मी सुचवलेला शब्द वाचून ती म्हणाली, “काका, ह्यात अपहरण झाल्यासारखं वाटतंय.” योरिसला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे शब्दच काय, ती गोष्टच नाही. शेवटी सर्जननी आग्रह गाळला आणि जे लिहून सहीशिक्का मारला, त्याचा मराठीत अर्थ असा: ‘पोटदुखीचे यापूर्वीचे सर्व उल्लेख दुसऱ्या वाढपाच्या वेळचे असून ते वैद्यकीय स्वरूपाचे नाहीत. पळी दूर नेताच आराम पडत असे.’

दोन वाजून दहा मिनिटांनी संघमित्रा जिन्यावरून धावत आली. “आली! मंजुरी आली!”

मग जे झालं त्याला हॉस्पिटलात परवानगी नसते. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी, त्यांना काही ठाऊक नसताना, टाळ्या वाजवल्या. वहिनींनी संघमित्राच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. सर्जन म्हणाले झकास, आणि लगेच गंभीर झाले. योरिसने मोबाइलवरची विमानं बंद केली.

“आता भीती?” मी विचारलं.

“आहे,” तो म्हणाला. “पण मी राहतो.”

स्ट्रेचर निघालं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी, मागे बी विंग. लांबलचक व्हरांडा आम्ही एखाद्या मिरवणुकीसारखा पार केला. नुसता गुलाल तेवढा नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी योरिसने हात वर केला. स्ट्रेचर थांबलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. परक्या देशात, परक्या भाषेत, या माणसाला आपल्याला काहीतरी सांगायचं होतं. मी ओणवा होऊन कान त्याच्या तोंडाशी नेला.

“काका,” तो म्हणाला, “माझा गिझर चालू राहिलाय. तेवढा बंद कराल?”