खळीची खपली

कुंताबाईंनी बाटली मोरीत उपडी केली. तांबूस औषध शेवाळावरून वाहून गेलं, तेव्हा अपेक्षा कणकेच्या हातांनी तशीच धावत आली.

"आई, काय करून राहिल्या तुम्ही?"

"इख फेकून राहिली. पोट्टीची शी कोळशासारखी काळी झाली. दिसत नाही तुले?"

"लोहाच्या औषधानं होतेच तशी. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"मंग डॉक्टरलेच पाज."

मागावर बसलेल्या प्रफुल्लने धोटा थांबवला नाही. उलट खटखट वाढली. सासू-सुनेचं जुंपलं की मागाच्या आवाजाआड लपायचं, हे तो बापाकडून शिकला होता.

आणि चार वर्षांची हर्षा? ती कोपऱ्यात बसून, सुताला लावायच्या भाताच्या खळीच्या भगोण्याला चिकटलेली वाळकी खपली नखाने उचकटून खात होती.

अपेक्षाने हे आधी पाहिलं होतं. लेक खेळता खेळता मटकन बसायची, ओठ पांढुरके पडायचे. कुंताबाईंनी मात्र गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "बीएस्सी मायनं पोट्टी उपाशी ठेवली, म्हणून खळ चाटते." दवाखान्यात आधी सिकलसेल तपासलं, इकडे ते पाहतातच. ते निघालं नाही. रक्तात लोह कमी होतं; ते फार दिवस कमी राहिलं की नखंही चमच्यासारखी दबतात, असं डॉक्टर म्हणाले होते. खळ, माती खावीशी वाटणं त्यातूनच आलेलं. औषध काही महिने द्या आणि चहा बंद करा, चहा लोह लागू देत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुंताबाई तरी नातीला बशीत चहा ओतून देतच राहिल्या.

"उद्या दुसरी बाटली आणीन," अपेक्षा म्हणाली. "हात लावाल तर पोरीले घेऊन लाखनीले जाईन माहेरी."

"जा ना. कोणं धरलं तुले?"

दुपारी प्रफुल्ल सूत आणायला गेला. हर्षा झोपली होती. अपेक्षा खळीचं भगोणं घासायला न्यावं म्हणून मागाच्या खोलीत आली, तर कुंताबाई पाठमोऱ्या, भगोण्यावर वाकलेल्या. जबडा हलत होता. खपली मोडल्याचा बारीक कुरकुर आवाज आला.

त्या वळल्या. ओठाला पांढरं लागलेलं.

अपेक्षाच्या जिभेवर गल्लीला ऐकू जाईल असं एक वाक्य आलं होतं.

"काय पाहून राहिली?" कुंताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "माह्या सासूनं याच्याचसाठी मले उलथन्यानं डागलं व्हतं. खादाड म्हणे."

अपेक्षाने ते वाक्य गिळलं. "उद्या चला दवाखान्यात."

"मले काही झालं नाही. जाय."

सकाळी अपेक्षा हर्षाला घेऊन निघाली, तर ओट्यावर कुंताबाई बाहेरचं लुगडं नेसून बसलेल्या. "तुह्या भरवशावर सोडत नाही मी पोट्टीले," एवढंच बोलल्या. दवाखान्यापर्यंतच्या तेवढ्याशा रस्त्यात दोनदा त्या भिंतीला टेकून थांबल्या. अपेक्षाही थांबली, पण दुसरीकडे पाहत.

डॉक्टरांनी हर्षाचं रक्त पुन्हा बघायला सांगितलं. सुई दिसताच तिने भोकाड पसरलं. सिस्टरने हात धरताच कुंताबाई मधे आल्या.

"पयले माहं घ्या. पोट्टी भिते म्हणून. मले काही झालं नाही."

त्यांनी बोट पुढे केलं. नख मधोमध चमच्यासारखं दबलेलं होतं, आणि त्याच्या कडेला कालची खळ अजून पांढरी होती.