मागे सरणारा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. समुद्र आणि घरं यांच्यामध्ये उभं राहणं, एवढंच माझं काम. देवाने समुद्राला भरतीबरोबर ओहोटीही दिली, कुठे थांबायचं ते शिकवलं. माणसाला ते आपलं आपण ठरवावं लागतं, म्हणून मी.

एका गवंड्याने मला काळ्या कातळातून घडवलं. टाकीचे घाव सोसून देवपण नाही मिळालं, पण मान मिळाला. इथली रीतच होती. मोठं उधाण ओसरलं की लाटांनी शेवाळ कुठवर आणून टाकलंय ते सगळे मिळून पाहायचे. ते माझ्या पायाशी आलेलं दिसलं, की गवंडी मला उचलून जमिनीच्या बाजूला नेई. घरं सगळी माझ्या अलीकडे, पलीकडे समुद्राच्या बाजूला खिळासुद्धा नाही. पलीकडे होती वाळूची टेकाडं, त्यांना घट्ट धरून बसलेली मर्यादवेल आणि खेकड्यांची बिळं. दगड मागे सरतो, पुढे कधीच नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मग गवंड्याच्या एकुलत्या एका लेकीच्या घराचं काम निघालं.

जावई म्हणाला, "बाबा, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. नाहीतर किनाऱ्यावर राहायचं कशाला?"

"जावईबापू, जिथून पाणी आपल्याला दिसतं, तिथून आपणही पाण्याला दिसतो."

लेक फुरंगटली. "सगळ्या गावाची घरं बांधलीत. माझ्याच वेळी तुमची दोरी आखूड का पडते हो?"

बापाचं काळीज ते! मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्याच्या दिशेने चाललो. टेकाड सपाट झालं, वेल उपटली गेली. गवंड्याने मला नव्या जागी रोवलं खरं, पण पायाशी खडी ठासली नाही. चुकीचं काम करताना त्याचा हातच चालेना. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनीही पुढे येऊन खुंट्या ठोकल्या. "गवंडीबाबांनीच वाट दाखवली!" असं म्हणत ते हसले. तो मान खाली घालून वीट रचत राहिला.

भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि भरदुपारी उधाण आलं. अडवायला टेकाड नव्हतं. लेक दाराच्या नव्या चौकटी वाचवायला आत धावली. तेवढ्यात माझ्याखालची वाळू निसटली, मी आडवा झालो आणि लाटेने मला उचलून जोत्यावर आपटलं. मग दुसऱ्या लाटेने आपटलं, मग तिसऱ्या. ज्याने घर राखायचं तोच घर फोडू लागला! भिंतीला तडा गेला. आत लेक होती, आणि मला थांबता येत नव्हतं.

"अगं, चौकटी मरू देत! बाहेर ये!" गवंडी ओरडला.

"पाय अडकलाय, बाबा!"

जावई दारातून आत शिरला. गवंड्याने पहार जोत्यासमोर रोवली आणि तिच्यामागे स्वतः उभा राहिला. पुढच्या लाटेबरोबर मी पहारेवर आणि त्याच्या पायावर आदळलो. तो हलला नाही. जावयाने लेकीला ओढून बाहेर काढलं, आणि मग भिंत बसली.

पाणी ओसरल्यावर गवंडी लंगडत आला. शेवाळ माझ्या जुन्या जागेच्याही मागे पडलं होतं.

"आता कुठवर मागे जायचं?" जावयाने विचारलं.

"पाण्याने सांगितलंय की. तेवढं ऐकू."

मला तिथे रोवलं. या वेळी खडी लेकीने ठासली. शेजाऱ्यांच्या खुंट्या तिनेच उपटल्या. मर्यादवेलीचे तुकडे तिने वाळूत पुन्हा लावले. तिचं घर माझ्या मागे उभं राहिलं. खिडकीतून पाणी दिसत नाही, गाज मात्र ऐकू येते.

पण मित्रांनो, माझा जीव अजून टांगणीला आहे. शेवाळ दर उधाणाला जरा वर येतं, आणि माझ्या पाठीशी घरं दाटू लागली आहेत. मला पुढे ढकलू नका, एवढं मागून भागणार नाही. मला मागे सरायला जागा ठेवा.