आबांच्या उजव्या बुटाची गादी

कडेगावच्या संयोगिताला एक खोड होती. कुठलीही वस्तू हाती आली की ती उलटी करून, आत डोकावून बघितल्याशिवाय बाईला अन्न गोड लागायचं नाही. माहेर सांगलीचं, बाप घड्याळं दुरुस्त करणारा, तेव्हा आडातलं पोहऱ्यात आलं, दुसरं काय! नवरा विश्वजीत तिला घरचा फौजदार म्हणायचा, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

दर रविवारी ती घरातल्या बुटांच्या आतल्या गाद्या उपसून काढायची. आधी झाडायची, मग कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून जुन्या टूथब्रशनं घासायची. पिळायची मात्र कधी नाही. फडक्यात दाबून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळत घालायचं, कारण एकदा उन्हात टाकल्यावर विश्वजीतच्या गाद्या पापडासारख्या वळल्या होत्या. कड सुटली तर ती डिंकानं चिकटवायची, टाच झिजली तर जुन्या जीनचा तुकडा खालून लावायची. आणि हे करता करता गादी न् गादी निरखून बघायची. विश्वजीतची साखर कारखान्यात उभ्यानं ड्युटी, त्याची टाच आतल्या अंगाला खोल गेलेली. तिच्या स्वतःच्या गादीला अंगठ्याखाली भोक, म्हणजे बाई सदा घाईत. माणूस तोंडानं काही का सांगेना, गादी खरं सांगते, असं तिचं ठाम मत होतं.

एकाच जोडाला तिला हात लावायची बंदी होती. सासरे, रिटायर्ड सुभेदार मानसिंग, यांचे काळे लेसचे बूट. आबा बावीस वर्षं फौजेत होते, आणि फौजीचे बूट फौजीनंच साफ करायचे हा त्यांचा कायदा. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनासुद्धा परवानगी नव्हती. रोज पहाटे चार किलोमीटर चालून आले की आबा व्हरांड्यात बसून बूट असे चमकवायचे की त्यात तोंड बघून मिशी कातरावी. पण चमकवायचे ते वरून. आत काय आहे हे त्यांनी जन्मात बघितलं नसेल. परेडला साहेब बूट वरूनच बघतो ना, आत हात घालून कोण बघतंय?

तसं चाललं असतं हो, पण गेल्या वर्षी आबांना साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाची जाणीव कमी होते, रोज तळपाय बघत जा. आबांनी ते हसण्यावारी नेलं. मग दिवाळीनंतर त्यांचे फौजेतले दोस्त नाथाजी यांचा पाय घोट्यापासून काढला. सुरुवात कशानं, तर बाभळीच्या एका काट्यानं.  तेव्हापासून संयोगिता रोज विचारायची, आबा, पाय बघितला का? आबांचं उत्तर ठरलेलं. नाथाजी पहिल्यापासनं हलगर्जी, माझं पाय कवा दुखलं न्हाईत. गुडघे वाकत नाहीत, पोट आड येतं, तळपाय दिसतच नाही, हे मात्र कबूल करायचे नाहीत.

आणि गुरुवारी तिला मुंग्या दिसल्या.

व्हरांड्याच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग आबांच्या बुटाकडे चालली होती. त्यात नवल काहीच नाही. नवल हे, की सगळ्या उजव्या बुटात शिरत होत्या. डाव्याकडे एक फिरकत नव्हती. तिनं आबांना विचारलं, तर म्हणाले, पॉलिशच्या वासानं येत असतील. संयोगिताला काही हे पटेना. पॉलिश तर दोन्ही बुटांना एकाच डबीतलं. मुंग्यांना काय डावं-उजवं कळतं व्हय? तीन दिवस भाकरी थापतानासुद्धा तिच्या डोक्यात तीच रांग चालत होती.

रविवारी आबा कोल्हापुरी चपला घालून पाहुण्यांच्या गाडीनं तासगावला साखरपुड्याला गेले, आणि गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत बाईनं बूट मांडीवर घेतला. कायदा मोडताना तिनं दोनदा दाराकडे बघितलं, खोटं कशाला बोला.

डावी गादी बिनतक्रार निघाली. घामाची, पण साधी. उजवी मधेच अडकली. जोर लावून ओढली तेव्हा चवड्याच्या जागी काळपट डाग दिसला, रुपयाएवढा. आधी तिला वाटलं, चिखल असेल. पाण्यात ब्रश फिरवला तर पाणी तांबूस झालं. तिनं गादी उजेडाकडे धरली. डागाच्या मधोमध एक भोक होतं, दाभणानं पाडल्यासारखं.

मग तिनं बूट पालथा केला. रबरी सोलाच्या खाचेत तारेचं टोक चपटं झालेलं. आबांच्या वाटेवरची द्राक्षबाग मोडून महिना झाला होता, बांधावर मांडवाच्या तारांचे तुकडे विखुरलेले तिनं स्वतः बघितले होते. त्यातलाच एक पावलागणिक वर सरकत आत बोटाच्या नखाएवढा आला होता. मोजे काळे, ते आबा स्वतःच धुणार. कुणाला कसं दिसणार?  या तारेवर हा माणूस रोज चार किलोमीटर चालत होता, आणि घरी येऊन चहाला साखर कमी म्हणून कुरकुरत होता.

आबा चारच्या सुमाराला आले. बूट उघडा बघताच कपाळाला आठी पडली. तिनं सगळं सांगितलं, डाग दाखवला. ते ऐकूनच घेईनात. म्हणाले, गंज आसंल. तार टोचली आसती तर मला कळलं नसतं व्हय? लेहच्या थंडीत उभा राहिलेला माणूस मी, आणि हिला बुटात भुतं दिसायला लागली.

संयोगिता वाद घालत बसली नाही. तिनं बूट पुढं धरला.

"आबा, आत हात घालून बघा. हळू मात्र."

हळू घालतील तर ते आबा कसले? घातला तो तसाच बाहेर काढला, आणि बोट तोंडात धरलं. मग बोट बाहेर काढून बघत राहिले. शेंड्यावर रक्ताचा टिपूस होता.

"कवापासनं हाय हे?"

"मुंग्या गुरुवारपासून आहेत. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

  आबा खुर्चीत बसले, चप्पल काढली आणि उजवा पाय सरळ पुढं केला. संयोगिता जमिनीवर बसली. सणासुदीला ती या पायांवर डोकं ठेवायची, पण तळवा तिनं आज पहिल्यांदा बघितला. चवड्याखाली हरभऱ्याएवढी जखम होती. कडा काळ्या, आत ओल. तिला रडू आलं आणि रागही आला, आबांचा आणि स्वतःचाही. रोज नुसती विचारत बसले मी, एक दिवस धरून बघितला असता तर?

आबांनी मान वर करून पत्र्याकडे नजर लावली होती, सुई टोचायच्या वेळी बघतात तसे.

"दाब," ते म्हणाले. "दुखलं की सांगतो."

आबा पत्र्याचे खिळे मोजत राहिले.

"अगं दाब की. भितीस कशाला?"

तिचा अंगठा जखमेच्या कडेला केव्हाचा रुतला होता, नख पांढरं पडेपर्यंत.

"दाबलंय, आबा."

आबांनी खाली बघितलं. अंगठा बघितला, मग तिचं तोंड बघितलं. सुभेदाराचा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"विश्वजीतला फोन लाव," ते म्हणाले. "गाडी घिऊन ये म्हणावं. आत्ताच."

आणि कुणी न सांगता त्यांनी दुसरी चप्पल काढून डावा पायही तिच्या मांडीवर ठेवला.