अतिशय समाधानी

मी एक जुना टॅब आहे. हुबळीतल्या एका सर्वेक्षण कंपनीच्या कपाटात तडकलेली काच घेऊन पडून आहे. निवडणुकीआधी लोकांच्या मनात काय आहे ते मोजायचं, हे माझं काम. मित्रांनो, ते मी मोजलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

कारखान्यातून आलो तेव्हा मी गौतमीच्या हाती पडलो. केलगेरीपासून तारिहाळपर्यंत ती मला घेऊन उन्हातान्हात फिरली. मी प्रश्न दाखवायचो, ती विचारायची आणि मिळेल त्या उत्तरावर बोट ठेवायची. सांगणाऱ्याचा आवाजही मी साठवायचो, कारण घरी बसून खोटे फॉर्म भरणारे थोडे नसतात. माझी बॅटरी कधी दगा देत नाही म्हणून ऑफिसात माझं कौतुक व्हायचं. मीही फुगायचो.

तारिहाळच्या कारखान्यांमागे साठ घरांची एक वस्ती आहे. तिथे नळ नाही, बोअरचं पाणी पिवळं येतं. तिथल्या सरूबाईंची नात आरुषी त्याच पाण्यानं दोनदा दवाखान्यात गेली होती. गौतमीनं सरूबाईंना सरकारच्या कामाबद्दल विचारलं.

"अतिशय समाधानी म्हणून लिव्ह, अक्का."

"अज्जी, आणि पाणी?"

"पाणी वंगाळच हाय की. पन आमच्या वस्तीच्या म्होरक्यानं, यल्लाप्पाण्णानं, बुद्धविहारात समद्यांस्नी सांगितलंय, खूश हाय म्हनायचं. खूश मानसालाच नळ मिळतोय म्हनं."

साठही घरांनी तेच सांगितलं. त्यांना मी अर्ज वाटलो होतो. गौतमीनं नियमाप्रमाणे बटण दाबलं, पण शेऱ्यात लिहिलं, 'पाणी घाण आहे. लोक मनातलं बोलत नाहीत. आवाज ऐका.' साहेब राघवेंद्र म्हणाले, "शेरे कोण वाचतंय? आकडे पाठव."

आकडे सर्वेक्षण करवून घेणाऱ्या सत्ताधारी पक्षाच्या कचेरीत गेले. नकाशावर ती वस्ती हिरवी झाली, म्हणजे मतं पक्की, तिकडे खर्च नको. रेल्वेरुळापलीकडचे लोक चिडून बोलले होते, ते लाल झाले. निवडणुकीच्या तोंडावर नळ तिकडे गेला. मला फार लाज वाटली. ती मोजणी माझीच होती.

पुढच्या निवडणुकीआधी आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो. यल्लाप्पा स्वतः पुढे आले. वर्षानुवर्षं भट्टीवर काम करून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"अक्का, मागल्या खेपेला आमी कमी खूश दिसलो काय?"

"अण्णा, नाराज म्हणा. नाराज म्हटलं तरच कोणी येईल."

ते हसले. "नाराज मानसाला कोन देतंय? 'अतिशय'च्या वर काय असंल तर ते दाब."

त्याच्या वर बटण नव्हतं. गौतमीनं पुन्हा 'अतिशय समाधानी'च दाबलं. त्या हंगामानंतर तिनं नोकरी सोडली.

उद्या मला पुसून भंगारात देणार आहेत. सरूबाईंचा आवाज अजून माझ्यात आहे, तोही जाईल. मित्रांनो, कोणी विचारलं तर खरं सांगा, असा उपदेश शेवटी करावा म्हटलं होतं. पण 'पाणी वंगाळच हाय' हे खरंही सरूबाईंनी सांगितलं होतं. एवढंच मागतो, पुसण्याआधी कोणीतरी एकदा ते ऐका.